शिळेवरची हिरवळ

“तुमच्या पणजोबांचं नाव काय?” सर आर्चिबाल्ड यांनी विचारले.

माझे नाव नाही, गाव नाही, प्रवास कसा झाला हेही नाही. स्कॉटलंडच्या डोंगराळ मुलखातील त्या जुन्या दगडी घराच्या दिवाणखान्यात मी नुकते पाऊल टाकले होते आणि कोटाच्या खांद्यांवरचा बर्फ अजून वितळलेलाही नव्हता. शेकोटीपाशी, गुडघ्यांवर घोंगडी घेऊन बसलेले ते वृद्ध गृहस्थ माझ्याकडे पाहतही नव्हते. त्यांची दृष्टी विस्तवावर खिळलेली होती.

“रामकृष्ण,” मी म्हणालो.

“सगळी नावं सांगा. क्रमानं.”

“वडील नृसिंह, आजोबा हरिहर, पणजोबा रामकृष्ण. आई यमुना, आजी सत्यभामा, पणजी भागीरथी. आईचे वडील...”

“थांबा, थांबा! आयांची नावं मी कुठं विचारली?”

“विचारली नाहीत खरी. पण पितरांना पाणी देताना आमच्याकडे त्या तिघांमागून या तिघी येतात, आणि मग आईच्या माहेरचे. तोंडाला तीच सवय आहे. मधेच थांबवलं की पुढचं आठवत नाही.”

चहाची किटली घेऊन आलेली एक चाळिशीची स्त्री मोठ्याने हसली. तिच्या पायांत चिखलाचे बूट होते आणि केसांत गवताची काडी. “बाबा, तुम्हाला तोडीस तोड माणूस मिळाला! आता बसा दोघं पूर्वज मोजत.”

“ही माझी मुलगी, मार्सली,” ते म्हणाले. मग प्रथमच त्यांनी मान वळवून मला नखशिखान्त न्याहाळले आणि स्वतःशीच पुटपुटल्यासारखे बोलले, “चालेल. हा माणूस चालेल.”

या गोष्टीला आता चार तपांहून अधिक काळ लोटला. त्या वेळी मी एडिंबरोला संस्कृत पोथ्यांची सूची करण्याच्या कामावर होतो. वाईच्या पाठशाळेतून निघालेल्या माझ्यासारख्या शास्त्र्याने तेथे केवळ कुतूहलापोटी लॅटिनही आत्मसात केले होते. तेच निमित्त झाले. किन्लार्टी नावाच्या एका सरदार घराण्याच्या प्रमुखाला आपली वंशावळ मूळ पुरुषापासून साधार लिहून हवी होती आणि जुनी दानपत्रे तर सारी लॅटिनमध्ये. “इथले दोन नामांकित विद्वान त्यांनी परत पाठवले,” आमच्या प्राध्यापकांनी मला सांगितले. “लॅटिन येणारा, पण या देशात ज्याचं कुणी नाही, असा माणूस हवा म्हणतात. लहरी म्हातारा आहे. जेवण मात्र उत्तम मिळेल.”

जेवणाचे काही खरे नव्हते. मी मांसाहार करीत नाही, हे कळल्यावर सर आर्चिबाल्ड यांनी काटा खाली ठेवला आणि गंभीरपणे म्हणाले, “सातशे वर्षांत आमच्या घराण्यात मेंढीला नाही म्हणणारा एकही निपजला नाही. पंडित, तुम्ही जगता कशावर?” मार्सलीने माझ्यापुढे ओटच्या लापशीचा वाडगा सरकवला आणि त्या दिवसापासून मी तेथे असेपर्यंत तो वाडगा चुकला नाही.

त्या पहिल्याच जेवणाच्या वेळी त्यांनी कामाचे स्वरूप सांगितले. त्यात आडपडदा मुळीच नव्हता.

“आमचा मूळ पुरुष सर ॲलन. राजानं त्याला हे लार्टीचं खोरं दिलं. तो ओढ्यापलीकडच्या चॅपेलमध्ये शिळेखाली झोपलाय. प्रमुख गेला किंवा त्यानं भार उतरवला, की नव्या प्रमुखानं त्या शिळेच्या पायथ्याशी अनवाणी उभं राहायचं आणि कुणीतरी ॲलनपासून त्याच्यापर्यंत सगळी नावं मोठ्यानं म्हणायची, की झाला तो प्रमुख. वडिलांकडून मुलाकडे, आजवर असंच चालत आलंय. मला मुलगा नाही.”

मार्सली बटाटे वाढत होती. तिचा हात थांबला नाही.

“मग?”

“कॅनडात ड्यूगल नावाचा एक चुलत भाऊ आहे. त्यानं हे खोरं चित्रातसुद्धा पाहिलं नसेल. वंशावळ सलग पुरुषांचीच निघाली, तर उद्या हे घर, ही कुळं, सगळं त्याच्या हाती. आणि हिला,” त्यांनी मुलीकडे न पाहता सुरीने तिच्याकडे निर्देश केला, “शहरात कुठंतरी खोली घ्यावी लागेल.”

“मी कुत्री घेऊन जाईन,” मार्सली म्हणाली. “ड्यूगलला कुत्री आवडत नाहीत म्हणे.”

तिच्या स्वरात कटुता नव्हती. पुढे मी तिचा दिनक्रम पाहिला, तेव्हा त्या हलक्या शब्दांखाली केवढे ओझे आहे ते मला उमगले. पहाटे ती मेंढ्यांच्या प्रसूतीला धावे, दुपारी कोणा कुळाच्या गळक्या छपरावर चढलेली असे आणि संध्याकाळी वडिलांचे सुजलेले पाय ऊन पाण्यात धरून बसे. खोऱ्यातील प्रत्येक चुलीपाशी तिच्यासाठी खुर्ची ओढली जाई. हे सारे सोडून ती जगली असती खरी, पण उपटून लावलेले झाड जसे जगते तसे.

काम उत्साहाने सुरू झाले. नावामागून नाव जुळत गेले. ह्यू रॉबर्टचा, रॉबर्ट विल्यमचा, असे मी शतकामागून शतक ओलांडीत वर चढत गेलो आणि अगदी शिखराशी येऊन अडलो. दुसरा पुरुष माल्कम. प्रत्येक दानपत्रात तो ‘ॲलनचा वारस’ होता, मात्र ‘ॲलनचा पुत्र’ असे एकाही ठिकाणी म्हटलेले नव्हते. त्या काळी माणसे आपल्या बापाचे नाव लिहायला विसरत नसत.

“वारस म्हणजे मुलगाच,” सर आर्चिबाल्ड म्हणाले.

“आमच्या धर्मशास्त्रात तसं नाही. ज्याला मुलगा नाही, तो मुलीला मुलाच्या जागी मानू शकत असे. तिचा मुलगा मग आजोबांच्या वंशाचा होई.”

“तुमच्याकडे होत असेल, पंडित. आमच्याकडे पुरावा लागतो.” क्षणभर त्यांचे निळे डोळे माझ्या चेहऱ्यावर स्थिरावले. “उद्या शिळा बघून या. माझे पाय चालत नाहीत. तुमचे चालतात.”

दुसऱ्या दिवशी मार्सली मला घेऊन निघाली. वाट गावातल्या जुन्या दफनभूमीतून जात होती. तेथे गवतात आडव्या पडलेल्या मध्ययुगीन शिळांपैकी एकीवर लांब क्रूस आणि त्याच्या बाजूला कोरलेली कात्री पाहून मी थबकलो.

“इथं कुणी शिंपी पुरलाय का?”

“बाई,” ती म्हणाली. “पुरुषाच्या शिळेवर तलवार कोरायचे, बाईच्या शिळेवर कात्री. वाचता न येणाऱ्यालाही कळावं म्हणून.” आणि जरा जास्त बोलून गेल्यासारखी ती भरभर पुढे चालू लागली.

चॅपेलच्या, म्हणजे त्या छोट्या प्रार्थनागृहाच्या, चार भिंती तेवढ्या उरल्या होत्या. छप्पर म्हणजे आकाश. मध्यभागी ती शिळा होती. वरच्या अर्ध्या भागावर क्रूस आणि त्याच्या उजवीकडे सुरेख कोरलेली तलवार. खालचा अर्धा भाग मात्र हिरवळीखाली झाकलेला.

“तिथलं गवत काढत नाहीत,” मार्सली म्हणाली.

“का?”

“नवा प्रमुख तिथंच उभा राहतो. पायांखाली मऊ हवं असेल त्यांना. आमचे पूर्वज बाहेरून दणकट, आतून नाजूक.”

मी हसलो, पण माझी नजर त्या हिरवळीवरून हलेना. सभोवतीचे गवत हिवाळ्याने पिंगट आणि राठ झाले होते. शिळेवरचे मात्र मऊ, बारीक पात्यांचे, घराभोवतीच्या बागेत असते तसे. त्याच्या कडा पाटावरच्या वडीसारख्या सरळ कापलेल्या होत्या.

“मार्सली,” मी म्हणालो, “हे इथं उगवलेलं नाही. कुणीतरी आणून ठेवलेलं आहे.”

ती खाली बसली आणि गोधडीचा कोपरा उचलावा तसा मातीसकट तो हिरवा थर तिने अलगद उलटला.

खाली क्रूसाच्या डाव्या बाजूला कात्री होती. तिच्याखाली लॅटिन अक्षरांची एक ओळ. थंडीवाऱ्याने आरंभीचा भाग पार खाऊन टाकला होता. उरलेला मी बोटाने चाचपून वाचला. नाव गेले होते. ‘ॲलनची कन्या, लार्टीची स्वामिनी’ एवढेच शिल्लक होते.

ज्या शिळेवर सातशे वर्षे प्रमुख उभे राहिले, ती सर ॲलनची नव्हतीच. ती त्याच्या मुलीची होती. हाती तलवार घेऊन खोरे राखणारी, माल्कमची आई.

“तुम्हाला कधीपासून ठाऊक आहे?”

“लहानपणापासून. इथं खेळायला यायचे. एकदा गवत सुकून निघालं होतं, तेव्हा दिसली. मी परत झाकली. आता दर वसंतात नवं गवत कापून आणते.” ती माझ्याकडे न पाहता बोलत होती. “बाबा मला मांडीवर घेऊन नावं म्हणायला शिकवायचे. ॲलन, माल्कम, विल्यम... किती आनंदानं! त्या माणसाला मी काय सांगू? तुमचा पहिलाच पुरुष पुरुष नाही म्हणून?”

“पण यात तुमचं सगळं आयुष्य आहे. हे घर, हे खोरं.”

“म्हणून तर सांगता येत नाही. मी सांगितलं तर मी मागितल्यासारखं होईल.” तिने थर पुन्हा जागेवर ओढला, कडा हाताने दाबून बसवल्या. “ते थकलेत, मिस्टर घैसास. त्यांना त्यांचा ॲलन असू द्या. मी तुमच्याकडे हे मागते आहे.”

परतीच्या वाटेवर, का कोण जाणे, मी तिला कोणाशीही न बोललेली गोष्ट सांगितली. मी दत्तक गेलेला मुलगा. वडिलांच्या थोरल्या भावाला मूल नव्हते. मुंज होण्यापूर्वी एका सकाळी होम झाला आणि माझे आईवडील माझे काका-काकू झाले. घर एकच, फक्त माजघराची बाजू बदलली. जन्म देणारी आई शेवटपर्यंत मला ताट वाढीत राहिली आणि मी तिला ‘काकू’ म्हणत राहिलो. आता तर्पणात तिचे नावदेखील येत नाही. काकांच्या नावाला जोडून ‘सपत्नीक’ एवढा एक शब्द असतो, त्यात ती येते.

मार्सली चालता चालता थांबली. “तिचं नाव काय?”

“द्वारका.”

“दुआर्का,” तिने जपून उच्चारले. बस्स, एवढेच. ओढ्यावरच्या दगडांवरून आम्ही पलीकडे गेलो.

त्यानंतर काही दिवस मी विचित्र कोंडीत होतो. ग्रंथाशी खोटे बोलायचे नाही, या शिस्तीत मी वाढलो होतो. पण शब्द टाकला होता तो एका लेकीने, बापासाठी. शेवटी ठरवले की जेवढे कागदांत आहे तेवढे वाचावे. ‘ॲलनचा वारस माल्कम’ म्हणून पुढे जावे. त्यात असत्य काहीच नव्हते आणि वृद्धाच्या मनाला धक्काही लागत नव्हता. हा मार्ग मला त्या वेळी फार सुसंस्कृत वाटला होता.

“झालं का?” एका दुपारी सर आर्चिबाल्ड यांनी विचारले. “मग म्हणा. तुम्ही तुमचे पूर्वज म्हटलेत ना, तसं. मोठ्यानं.”

मी शेकोटीपाशी उभा राहिलो. प्रारंभ त्यांच्यापासून केला आणि वर चढू लागलो. “आर्चिबाल्ड, ह्यूचे पुत्र, आईचं नाव कॅथरिन. ह्यू, रॉबर्टचे पुत्र, आईचं नाव ग्रिझल...” जिथे जिथे मातेचे नाव सापडले होते, तिथे तिथे ते मी घेत गेलो. तोंडाची सवय. वृद्धाचे ओठ माझ्याबरोबर हलत होते. दाराशी मार्सली येऊन उभी राहिल्याचे मला जाणवले.

“...विल्यम, माल्कमचे पुत्र, आईचं नाव ॲग्नेस. माल्कम, ॲलनचे वारस.” मी थांबलो. “इति.”

“माल्कमची आई?”

“नाव उपलब्ध नाही.”

“मी नाव विचारलं नाही, पंडित. कोण होती ते विचारलं.”

शेकोटीत लाकूड फुटले. मी मार्सलीकडे पाहिले. तिने मान हलवून नको म्हटले.

“तिच्याकडे बघू नका, माझ्याकडे बघा,” सर आर्चिबाल्ड म्हणाले. “कात्री पाहिलीत की नाही?”

दाराशी काहीतरी खणकन आपटले. मार्सलीच्या हातातली बादली होती ती.

“मी प्रमुख झालो, तेव्हा तुमच्याएवढाही नव्हतो,” ते सांगू लागले. “अनवाणी उभा होतो. थंडीनं तळपाय बधिर झाले होते, तरी काहीतरी कोरलेलं पायाला लागलं. लोक गेल्यावर मी शेवाळ खरवडलं. कात्री! मला वाटलं, आभाळ कोसळलं. वडील नुकतेच गेलेले, सगळं खोरं माझ्याकडे बघतंय. मी बागेतली हिरवळ कापून आणली आणि वर टाकली. मग नवल असं, की मी टाकलेलं गवत वर्षानुवर्षं सुकेचना. आमची जमीन एवढी सुपीक कधी झाली, मला कळेना! एकदा खिडकीतून पाहिलं तर फावडं घेऊन कन्यारत्न निघालंय.”

“म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं?” मार्सली आत आली. तिचा चेहरा लाल झाला होता. “मी दर वर्षी चिखलात गुडघे टेकून बसते! माझी पाठ मोडली, बाबा! एकदा तरी म्हणायचंत!”

“तू तरी कुठं म्हणालीस?”

“तुमच्यासाठी नाही म्हणाले!”

“आणि मी तुझ्यासाठी. मी तोंड उघडलं असतं, तर लोक म्हणाले असते, म्हाताऱ्याला मुलगा झाला नाही म्हणून त्यानं पूर्वजाला बाई केलं. तू उघडलं असतंस, तर म्हणाले असते, पोरीला घर सोडवत नाही. ज्याला यातून काही मिळायचं नाही, अशा तिसऱ्यानं सांगायला हवं होतं. स्वतःहून. इथल्या विद्वानांपैकी एक ड्यूगलचा मित्र होता, दुसरा मला खूश करायला काहीही बोलला असता.” ते माझ्याकडे वळले. “आणि तुम्ही पहिल्याच दिवशी, न विचारता, आयांची नावं घेतलीत. म्हटलं, हा माणूस त्या शिळेपाशी डोळे मिटून उभा राहणार नाही. मग चार दिवस तुम्ही गप्प! माणूस निवडण्यात चूक झाली की काय, या काळजीनं माझी झोप गेली.”

“मला वाटलं, आपल्याला दुःख होईल,” मी म्हणालो.

“होतंय ना. तिचं नाव गेलं, त्याचं होतंय. कदाचित माझ्याच आडमुठेपणानं. उघडी ठेवली असती, तर कुणीतरी वेळीच वाचलं असतं.” “मार्सलीनं मला तुमच्या काकूबद्दल सांगितलं. रागावू नका, तिच्या पोटात काही राहत नाही.”

“एवढी एक गोष्ट सोडून,” मार्सली म्हणाली आणि नाक पुसू लागली.

“आम्हाला आमच्या बाईचं नाव घ्यायचंय, पण ते ठाऊक नाही,” सर आर्चिबाल्ड सावकाश म्हणाले. “तुम्हाला ठाऊक आहे. मग तुमची काय अडचण आहे, पंडित?”

दत्तकविधानाविषयीची सारी वचने मुखोद्गत असलेला मी, वंशावळीचे कागद गोळा करू लागलो.

वसंतात, मी एडिंबरोला परतण्याआधी, विधी झाला. या खेपेस मार्सलीने फावडे घेतले ते गवत काढण्यासाठी. शिळा पायथ्यापर्यंत धुतली गेली. तलवार आणि कात्री कित्येक वर्षांनी एका उन्हात आल्या. सर आर्चिबाल्ड यांना कुळांनी खुर्चीसकट उचलून आणले होते. मार्सलीने बूट काढले. शिळेच्या पायथ्याशी येऊन ती घुटमळली. कात्रीवर पाय द्यायला तिचे मन होईना. अखेर कात्रीच्या दोन्ही बाजूंना एकेक पाऊल टेकून ती उभी राहिली. तिची बोटे थंडीने आखडली होती. वडिलांनी तिचा हात धरला नाही, पण खुर्चीतून पुढे वाकून तिच्या पावलांकडे पाहत राहिले. पाळण्यातल्या लेकीची पावले पाहावीत, तसे.

“चला, पंडित,” ते म्हणाले. “आणि आयांसकट हं.”

“पहिलं नाव?”

“तिचंच. जेवढं उरलंय तेवढं.”

मी हात जोडले आणि त्या उघड्या आकाशाखाली म्हटले, “ॲलनची कन्या, लार्टीची स्वामिनी. तिचा पुत्र माल्कम...” आणि नावामागून नाव खाली उतरत मार्सलीच्या पावलांपर्यंत आलो.

त्याच वर्षी मी मायदेशी परतलो. भाद्रपदात कृष्णेच्या घाटावर तर्पणाला बसलो. शेजारी आमचे वृद्ध उपाध्याय मंत्र सांगत होते. तीन पिढ्यांचे पिते झाले, तिघी माता झाल्या, मातामह झाले. मग काकांचे नाव आले आणि त्यामागून तो एक शब्द. मी थांबलो.

“सपत्नीकम्,” उपाध्यायांनी आठवण करून दिली. “म्हणा, शास्त्रीबुवा.”

माझ्या ओंजळीत पाणी होते. तीळ त्यावर तरंगत होते.

“द्वारका,” मी म्हणालो. “माझी आई.”

उपाध्यायांनी मान वर केली. ते माझ्या वडिलांच्या वयाचे, आमच्या घरचे सारे विधी त्यांनीच केलेले. माझ्या दत्तकहोमातही तेच बसले होते. आता ते चूक दाखवतील, म्हणून मी वाट पाहिली. त्यांनी माझ्याकडे पाहिले, मग नदीकडे, आणि हलक्या स्वरात म्हणाले, “सोडा पाणी.”